स्वयंचलित आज्ञावली-लेखन : एका जुन्या आशेचा इतिहास

१

यंत्राने आपल्या आज्ञा आपणच लिहाव्यात, ही आशा विद्युत्-गणकयंत्राइतकीच जुनी आहे. जून २०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' हा साहाय्यक निवडक आज्ञावलीकारांच्या हाती आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांना खुला झाला. तेव्हापासून कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने आज्ञावली लिहिण्याविषयी जी चर्चा चालू आहे, तिच्यात ही घटना अपूर्व आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. वस्तुतः 'स्वयंचलित आज्ञावली-लेखन' हा शब्दप्रयोग १९५० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतच रूढ झाला होता, आणि मे १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन कचेरीने याच विषयावर वॉशिंग्टन येथे परिसंवाद भरविला होता. त्या परिसंवादातील वाद आजच्या वादाहून फारसे निराळे नव्हते. यंत्राने लिहिलेले माणसाच्या लेखनाइतके चांगले असेल काय, त्यावर विश्वास कोणी व किती ठेवावा, आणि आज्ञावलीकाराला मग काय काम उरेल, हेच प्रश्न तेव्हाही विचारले जात होते.

या साम्यावरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले जातात. एका पक्षाच्या मते, पूर्वीच्या शंका खोट्या ठरल्या, म्हणून आजच्याही ठरतील. दुसऱ्या पक्षाच्या मते, पूर्वीची आश्वासने अपुरी ठरली, म्हणून आजचीही ठरतील. दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. परंतु त्या इतिहासात नेमके काय घडले, कोणते श्रम कमी झाले आणि कोणते तसेच राहिले, याची छाननी क्वचितच होते. ती करणे आणि तिच्या आधारे आजच्या साहाय्यकांची उपयुक्तता व मर्यादा ठरविता येते काय ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रारंभीच्या यंत्रांवरील श्रमांचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आलेले 'एनियॅक' हे फिलाडेल्फिया येथील यंत्र एका सेकंदात ५,००० बेरजा करी. पण नव्या गणितासाठी त्याची मांडणी करावयाची तर तारा एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसवाव्या लागत आणि कळा फिरवाव्या लागत. या कामाला काही दिवस लागत. ते करणाऱ्या सहा स्त्रियांची नावे दीर्घकाळ इतिहासात आलीच नाहीत, याचे कारण हे काम हाताचे व दुय्यम समजले गेले होते. समस्येचे विश्लेषण करणे ही विद्या आणि यंत्राच्या संकेतात ते उतरविणे ही कारकुनी, असा भेद त्या काळी सर्रास केला जाई.

हा भेद फसवा आहे, हे केंब्रिज येथे लवकरच प्रत्ययास आले. 'एडसॅक' या यंत्रावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. यंत्राचे जनक मॉरिस विल्क्स यांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत एका विकलक समीकरणाच्या उकलीसाठी आज्ञावली लिहिली. सुमारे १२५ आज्ञांच्या त्या लेखनात २० च्या आसपास चुका निघाल्या. उर्वरित आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपणास याच सुमारास झाली, असे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. विल्क्स हे निष्णात गणिती व यंत्रज्ञ होते. तेव्हा चुकांचे कारण अज्ञान नव्हते. मनातील अर्थ आणि यंत्राला दिलेली आज्ञा यांच्यात जे अंतर असते, ते केवळ काळजीपूर्वक लिहून भरून निघत नाही, हे त्यांना प्रथमच उमगले होते.

केंब्रिजने यावर काढलेला उपाय म्हणजे पूर्वी लिहून तपासलेल्या आज्ञाखंडांचे ग्रंथालय. विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पद्धतीचे विवेचन आहे. एकदा सिद्ध झालेले काम पुन्हा करू नये, हे त्यातील तत्त्व होय. पुढील सर्व साहाय्यसाधनांचा पाया याच तत्त्वावर उभा आहे.

३

ग्रेस हॉपर या व्हॅसार महाविद्यालयात गणिताच्या अध्यापक होत्या. युद्धकाळात नौदलातर्फे त्या हार्वर्ड येथील 'मार्क-१' यंत्रावर रुजू झाल्या आणि १९४९ साली त्यांनी 'युनिव्हॅक' बनविणाऱ्या कंपनीत प्रवेश केला. तेथे त्यांना असे आढळले की, सहकारी एकमेकांच्या वह्यांतून आज्ञाखंड उतरवून घेतात आणि उतरवताना दोन प्रकारच्या चुका करतात: अक्षरे चुकीची उतरतात आणि नव्या जागी बसविण्यासाठी पत्त्यांमध्ये जी बेरीज करावी लागते ती चुकते. उतारा व बेरीज ही दोन्ही कामे तर यंत्राची! या निरीक्षणातून १९५१-५२ मध्ये 'ए-झीरो' ही व्यवस्था निर्माण झाली. आज्ञावलीकाराने हव्या त्या खंडांचे क्रमांक द्यावेत आणि यंत्राने फितीवरील ग्रंथालयातून ते खंड काढून, जुळवून, पूर्ण आज्ञावली तयार करावी, अशी तिची रचना होती. १९५२ साली पिट्सबर्ग येथे वाचलेल्या निबंधाला हॉपर यांनी 'गणकयंत्राचे शिक्षण' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. यंत्र हे काम शिकले म्हणजे आज्ञावलीकाराला पुन्हा गणिती होता येईल, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली.

यंत्र फक्त अंकगणित करते, आज्ञावली लिहू शकत नाही, असे सांगून लोकांनी आपले म्हणणे बराच काळ मनावर घेतले नाही, असे हॉपर पुढे सांगत. त्यांच्या या आठवणी पुष्कळ वर्षांनंतरच्या आहेत आणि यशस्वी झालेल्या व्यक्तीच्या आहेत. त्यामुळे विरोधाचे चित्र त्यात काहीसे गडद झाले असण्याचा संभव आहे. विरोधकांची बाजूही अगदीच निराधार नव्हती. यंत्राचा तासाभराचा वेळ आज्ञावलीकाराच्या वेळेपेक्षा महाग होता, आणि प्रारंभीच्या स्वयंचलित व्यवस्थांनी सिद्ध केलेल्या आज्ञावल्या हाताने लिहिलेल्यांपेक्षा पुष्कळच मंद चालत. शंका घेणाऱ्यांची चूक निराळीच होती. आज जे साधत नाही ते उद्याही साधणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले.

४

ही शंका निर्णायकपणे दूर करण्याचे श्रेय जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. गणिताच्या नेहमीच्या सूत्रांसारखे लेखन यंत्राच्या संकेतात उतरविणारी व्यवस्था तयार करण्याचा प्रस्ताव बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस आय.बी.एम. कंपनीपुढे ठेवला. यंत्र चालविण्याच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश खर्च आज्ञावल्या लिहिण्यात व त्यांचे दोषशोधन करण्यात जातो, असा त्यांचा हिशेब होता. नोव्हेंबर १९५४ च्या प्राथमिक अहवालात या व्यवस्थेला 'फोरट्रान' हे नाव मिळाले, आणि तिच्यामुळे संकेतलेखन व दोषशोधन ही दोन्ही कामे जवळजवळ नाहीशी होतील, असे आश्वासनही त्यात देण्यात आले. सहा महिन्यांत संपेल असे वाटलेले काम एप्रिल १९५७ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यासाठी सुमारे १८ मनुष्य-वर्षांचे श्रम लागले.

हा विलंब समजण्यासारखा होता. भाषांतरित आज्ञावली हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या निम्म्या वेगाने चालली तर कोणी ती स्वीकारणार नाही, अशी बॅकस यांना धास्ती होती. म्हणून भाषेच्या रचनेपेक्षा वेगवान संकेत निर्माण करण्याच्या तंत्रावरच त्यांनी अधिक परिश्रम घेतले. ते फळास आले. एप्रिल १९५८ मध्ये २६ ठिकाणच्या यंत्रांची पाहणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक ठिकाणी निम्म्याहून अधिक समस्या फोरट्रानमधून सोडविल्या जात असल्याचे आढळले. अवघ्या एका वर्षातील हा प्रसार होय.

तथापि फोरट्रानच्या यशाचे मर्म फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सादर झालेल्या निबंधातील एका साध्या उदाहरणात आहे. एका आज्ञावलीकाराने फोरट्रानचे एक दिवसाचे शिक्षण घेतले आणि नंतर थोडा वेळ पुस्तिका चाळली. मग ४ तासांत ४७ विधानांची आज्ञावली लिहिली. यंत्राने ६ मिनिटांत तिचे भाषांतर करून सुमारे १,००० आज्ञा सिद्ध केल्या. आज्ञावली चालविली, तो उत्तर चुकीचे आले. त्याने निष्पन्न आकड्यांचा अभ्यास केला, स्वतः लिहिलेल्या एका विधानात चूक असल्याचे शोधून काढले, ते विधान पुन्हा लिहिले, आणि मग उत्तर बरोबर आले. हेच काम हाताने करावयास ३ दिवस लागले असते आणि दोषशोधनाला किती वेळ लागला असता ते सांगता येत नाही, असा त्याचा अंदाज होता.

निबंधकर्त्यांनी हे उदाहरण वेगाचा पुरावा म्हणून दिले, आणि तो पुरावा खरा आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट नोंदली गेली आहे. हजार आज्ञांच्या भाषांतरात चूक नव्हती. चूक माणसाच्या विधानात होती. उत्तर चुकले आहे हे यंत्राने सांगितले नाही, ते माणसाने ओळखले. याच वर्षी एप्रिलमध्ये पिट्सबर्गजवळील एका प्रयोगशाळेत फोरट्रान प्रथम वापरली गेली, तेव्हा यंत्राने एका विधानात स्वल्पविराम राहिल्याचे छापून दाखविले होते. स्वल्पविराम राहिला हे यंत्र सांगू शकत होते, सूत्रच चुकले आहे हे नव्हे. दोषशोधन नाहीसे होईल हे १९५४ चे आश्वासन येणेप्रमाणे अर्धेच खरे ठरले. उतरवण्यातील दोष गेले, समजुतीतील दोष राहिले.

५

हे स्थित्यंतर मुंबईतही अल्पावधीत घडून आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली एका लहानशा गटाने रचलेले गणकयंत्र १९६० साली पूर्ण रूपात कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यावर काम करावयाचे तर यंत्राच्याच संकेतात आज्ञा लिहाव्या लागत, त्या कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटवाव्या लागत, आणि स्मरणकोशातील सुमारे २,००० जागांचा हिशेब आज्ञावलीकाराला स्वतः ठेवावा लागे. १९६४ साली याच संस्थेत 'सी.डी.सी. ३६००' हे आयात केलेले यंत्र आले आणि त्याबरोबर फोरट्रान आली. यंत्राची अंतर्रचना न जाणणाऱ्या भौतिकीच्या किंवा अभियांत्रिकीच्या अभ्यासकालाही त्यामुळे यंत्र वापरता येऊ लागले. देशातील इतर संस्थांनाही या यंत्राचा लाभ झाला. चार-पाच वर्षांच्या अंतराने एकाच संस्थेत दोन्ही पद्धती नांदल्या. वापरणाऱ्यांचे वर्तुळ त्यामुळे विस्तारले, आणि यंत्र आतून ओळखणाऱ्यांचे प्रमाण त्या वर्तुळात साहजिकच घटले. प्रत्येक साहाय्यसाधनाबरोबर हा व्यवहार होतो. त्यात लाभ अधिक की हानी, हे वापरणाऱ्याला त्या क्षणी दिसत नाही.

६

विज्ञानात जे फोरट्रानने केले ते व्यापारी हिशेबात 'कोबॉल'ने करावयाचे होते. २८ व २९ मे १९५९ रोजी वॉशिंग्टनजवळ पेंटॅगॉन येथे भरलेल्या बैठकीत तिचा संकल्प झाला. १९६० साली तिचा अहवाल निघाला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकच आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. हॉपर यांच्या 'फ्लो-मॅटिक' या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. अंकचिन्हांऐवजी साधे इंग्रजी शब्द वापरावेत, म्हणजे कचेरीच्या व्यवस्थापकालाही आज्ञावली वाचता येईल, अशी तिच्यामागील अपेक्षा होती. व्यवस्थापक आज्ञावल्या वाचू लागले नाहीत. शब्द ओळखीचे झाले, तरी हजारो विधानांचा परस्परसंबंध ध्यानात ठेवणे हे पूर्वीइतकेच कठीण राहिले. भाषा सोपी केली म्हणजे विषय सोपा होतो, हा समज येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर कसोटीस लागला आणि टिकला नाही.

कोबॉलच्या काळातील एका निर्णयाचा पुढील इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. स्मरणकोश महाग असल्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविण्याची प्रथा सर्वत्र पडली होती. यंत्राने ती चाळीस वर्षे निमूटपणे व अचूक पाळली. इसवी सन २००० जवळ आले तेव्हा ००' हे वर्ष ९९' च्या आधीचे समजले जाईल, हे ध्यानात येऊन जगभर जुन्या आज्ञावल्या तपासण्याचे प्रचंड काम निघाले. त्याचा मोठा वाटा भारतातील, त्यात मुंबई-पुण्यातीलही, आज्ञावलीकारांनी उचलला. या सर्व प्रकरणात भाषांतरक यंत्रणेचा दोष तिळमात्र नव्हता. दोष त्या संक्षेपात होता, आणि तो संक्षेप त्याच्या काळी शहाणपणाचा होता.

७

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत आज्ञावली-निर्मितीतील अरिष्टाची उघड चर्चा झाली. भाषा सुधारल्या होत्या, यंत्रे वेगवान झाली होती, तरी मोठी कामे वेळेवर पुरी होत नव्हती आणि झालेली विश्वसनीय ठरत नव्हती. चाचण्यांनी दोषांचे अस्तित्व दाखविता येते, अभाव सिद्ध करता येत नाही, हा एड्स्गर डाइकस्ट्रा यांचा सुप्रसिद्ध सिद्धान्त याच पार्श्वभूमीवर मांडला गेला. माणसाला सहाय करणारी 'बुद्धिमान' साधनेही या काळात कल्पिली गेली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत चार्ल्स रिच व रिचर्ड वॉटर्स यांनी चालविलेल्या प्रकल्पाचे नावच 'आज्ञावलीकाराचा उमेदवार' अशा अर्थाचे होते. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रातही आज्ञावली-निर्मितीची साधने हा अभ्यासाचा विषय राहिला.

१९८५-८६ या दोन वर्षांत तीन विचारवंतांनी या प्रश्नाचे जे विवेचन केले, ते आजही मार्गदर्शक आहे. डेव्हिड पार्नास यांनी दाखवून दिले की, 'स्वयंचलित आज्ञावली-लेखन' याचा अर्थ प्रत्येक काळी सध्याच्या भाषेपेक्षा वरच्या पातळीवरील भाषेत लिहिणे, इतकाच झाला आहे. फ्रेड ब्रूक्स यांनी आज्ञावलीकाराच्या अडचणींचे दोन वर्ग केले: साधनांच्या अपुरेपणातून उद्भवणाऱ्या आगंतुक, आणि ज्या गोष्टीची आज्ञावली करावयाची तिच्याच गुंतागुंतीतून येणाऱ्या स्वाभाविक. साधने पहिल्या वर्गाचे निवारण करतात, दुसऱ्याचे नाही. पीटर नाऊर यांचे म्हणणे अधिक मूलगामी होते. त्यांच्या मते आज्ञावलीचा मजकूर हे कामाचे खरे फळ नव्हेच. खरे फळ म्हणजे ती लिहिताना लिहिणाऱ्यांच्या मनात तयार झालेली उपपत्ती, म्हणजे ही रचना अशी का आहे, जगातील कोणत्या व्यवहाराशी ती जुळते आणि तो व्यवहार बदलल्यास ती कोठे बदलावी, याची जाण. ती जाण असलेले लोक पांगले की, मजकूर शिल्लक असूनही आज्ञावली मृत होते.

८

आजचे साहाय्यक या परंपरेत कोठे बसतात? त्यांची कार्यपद्धती सर्वस्वी नवी आहे. मनुष्यांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून, त्यात सार्वजनिक आज्ञावल्याही आल्या, पुढे कोणता शब्द वा चिन्ह येण्याचा संभव आहे याचे सांख्यिकी प्रतिमान तयार केले जाते आणि नैसर्गिक भाषेतील मागणीला अनुसरून ते मजकूर निर्माण करते. जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोडेक्स' प्रतिमानाच्या निबंधात १६४ लहान उदाहरणांची कसोटी योजलेली होती; पहिल्याच प्रयत्नात त्यांपैकी २८.८ टक्के सुटली, तर प्रत्येकी १०० प्रयत्न करू दिल्यास ७०.२ टक्के. शंभरांतील योग्य उत्तर कोणते हे ठरविण्यास मात्र आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या लागत होत्या. पुढील प्रगती वेगाने झाली. प्रत्यक्ष प्रकल्पांतील २,२९४ दुरुस्त्यांची जी कसोटी २०२३ मध्ये तयार झाली, तिच्यात प्रारंभी सर्वोत्तम प्रतिमानाला २ टक्केही यश नव्हते. तिच्याच निवडक ५०० प्रश्नांच्या आवृत्तीत २०२५ सालापर्यंत यशाचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. हे साधन निरुपयोगी आहे असे म्हणणे म्हणूनच १९५४ च्या शंकेखोरांची चूक पुन्हा करणे होय.

प्रत्यक्ष कामातील उपयुक्ततेविषयीचा पुरावा मात्र एकमुखी नाही. २०२३ च्या एका प्रयोगात ९५ व्यावसायिक आज्ञावलीकारांना एक लहान, स्वतंत्र व सुपरिचित स्वरूपाचे काम देण्यात आले. साहाय्यक वापरणाऱ्यांनी ते ५५.८ टक्के कमी वेळात पुरे केले. अभ्यासकांपैकी काही जण साहाय्यक बनविणाऱ्या कंपन्यांशी संबद्ध होते, हे लक्षात ठेवावे. तरी निष्कर्ष अविश्वसनीय नाही. याउलट जुलै २०२५ मध्ये 'मेटर' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी आज्ञावलीकारांनी, वर्षानुवर्षे स्वतः सांभाळलेल्या मोठ्या प्रकल्पांत, २४६ कामे केली. साहाय्यक वापरण्यास मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आधी त्यांनी २४ टक्के वेळ वाचेल असा अंदाज केला होता, आणि काम संपल्यावरही २० टक्के वाचला अशीच त्यांची समजूत होती. हा प्रयोग त्या वेळच्या साधनांपुरता व त्या प्रकारच्या कामापुरता आहे. पण आपला वेळ वाचला की गेला हे अनुभवी माणसालाही आतून सांगता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष साधने बदलली म्हणून सहसा जुना होणार नाही.

दोन प्रयोगांतील विसंगती नाऊर यांच्या विचाराने बऱ्याच अंशी उलगडते. पहिल्या प्रयोगात काम सुटे होते. त्याची उपपत्ती कोणाच्याही मनात आधी नव्हती आणि नंतर ठेवण्याचीही गरज नव्हती. दुसऱ्यात उपपत्ती त्या सोळा जणांच्या मनात मुरलेली होती, आणि साहाय्यकाला ती ठाऊक नव्हती. त्याने दिलेले वाचणे, तपासणे व दुरुस्त करणे हे स्वतः लिहिण्यापेक्षा महाग पडले.

पडताळणीचा प्रश्न सुरक्षिततेच्या संदर्भात अधिकच तीव्र होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ८९ प्रसंग योजून कोपायलटकडून १,६८९ आज्ञावल्या लिहवून घेतल्या; त्यांतील सुमारे ४० टक्के आज्ञावल्यांत परक्याला शिरकाव करून देणारे दोष आढळले. स्टॅनफर्ड येथील ४७ जणांवरील प्रयोगात साहाय्यक वापरणाऱ्यांचे लेखन एकंदरीत कमी सुरक्षित निघाले, आणि ते सुरक्षित आहे असा विश्वास मात्र त्यांनाच अधिक वाटत होता. आणखी एका पाहणीत असे दिसले की, ही प्रतिमाने अस्तित्वातच नसलेल्या आज्ञाखंड-संचांची नावे सुचवितात. त्या नावाने एखाद्या दुष्ट हेतूच्या माणसाने खरोखरच संच प्रसिद्ध केला, तर तो विश्वासाने उचलला जाण्याचा धोका संभवतो. हॉपर यांच्या ग्रंथालयात जे नव्हते ते यंत्र देऊच शकत नव्हते. येथे ग्रंथालय आणि कल्पित यांच्यातील सीमाच पुसट झाली आहे.

९

यावरून नैसर्गिक भाषा ही फोरट्राननंतरची स्वाभाविक पुढील पायरी होय, या मताचे परीक्षण करता येते. पार्नास यांच्या वचनाप्रमाणे पाहता, माणूस पुन्हा एकदा वरच्या पातळीवरून बोलू लागला आहे, इतपत ते मत बरोबर आहे. पण एका मूलभूत बाबतीत साखळी तुटते. फोरट्रानच्या विधानाला ठरलेला अर्थ होता. भाषांतर चुकले तर ते चुकले असे त्या अर्थाच्या आधारे म्हणता येई, ते दुरुस्त करता येई, आणि एकदा केलेली दुरुस्ती सर्वांना लाभे. 'सी' भाषेच्या 'कंपसर्ट' या भाषांतरकाचा अचूकपणा गणिती सिद्धतेने प्रस्थापित करता आला, तोही मूळ भाषेची व्याख्या उपलब्ध होती म्हणूनच. मराठीत वा इंग्रजीत केलेल्या मागणीला अशी व्याख्या नाही. तिचे अनेक अर्थ संभवतात, साहाय्यक त्यांपैकी एक निवडतो, आणि तीच मागणी पुन्हा केली असता निराळा अर्थही निवडू शकतो. त्यामुळे भाषांतरकावर जो विश्वास एकदाच संपादन करून सर्वांना वापरता आला, तो येथे प्रत्येकाने प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो. फोरट्रानचे यश हे नव्या साहाय्यकांच्या विश्वसनीयतेचे प्रमाण म्हणून मांडणाऱ्यांनी या भेदाचा विचार केलेला दिसत नाही.

उपयुक्ततेचे क्षेत्र यावरून बरेचसे निश्चित होते. जेथे निष्पन्नाची परीक्षा निर्मितीपेक्षा सोपी आहे, जेथे चाचण्या आधी तयार आहेत, जेथे काम सुटे व अल्पायुषी आहे, किंवा अपरिचित भाषेतील परिपाठ समजून घ्यावयाचा आहे, तेथे साहाय्यकाचा लाभ निःसंशय आहे. जेथे परीक्षा हेच मुख्य काम आहे, जेथे चूक वर्षानुवर्षे अदृश्य राहू शकते, आणि जेथे रचनेची उपपत्ती कोणाच्या तरी मनात जिवंत राहणे आवश्यक आहे, तेथे वाचलेले श्रम दुसऱ्या खात्यात, पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या खात्यात, जमा होतात. ही रेषा साधनांच्या सुधारणेबरोबर सरकेल, आणि गेल्या चार वर्षांत ती सरकली आहे. ती नाहीशी होईल असे मानण्यास सत्तर वर्षांच्या इतिहासात आधार सापडत नाही.

विद्यापीठीय शिक्षणाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. १९५७ च्या उदाहरणातील आज्ञावलीकाराने निष्पन्न आकडे पाहून ते चुकीचे असल्याचे ओळखले. त्याने ते कसे ओळखले, याविषयी निबंधात काहीही सांगितलेले नाही, कारण त्या काळी ते सांगण्याची गरज कोणास वाटली नव्हती. त्याला समस्या ठाऊक होती. हाताने गणित करण्याचा सराव होता. उत्तर साधारण कोठे असावे याचा अंदाज होता. विल्क्स यांच्याप्रमाणे स्वतःच्या चुका शोधण्यात घालविलेल्या दिवसांची ती कमाई होती. आजचे अनुभवी आज्ञावलीकार साहाय्यकाचे काम तपासू शकतात, ते याच कमाईच्या बळावर. आणि ती ज्या प्राथमिक कामांतून होत असे, नेमकी तीच कामे साहाय्यक सर्वांत सुलभतेने करतो. तपासण्याची पात्रता लिहिण्याखेरीज अन्य मार्गाने संपादन करता येईल काय, हे अद्याप ठरावयाचे आहे. जोवर ते ठरत नाही, तोवर विद्यार्थ्याच्या हाती साहाय्यक देताना ती ४७ विधाने त्याने एकदा तरी स्वतः लिहावीत, आणि चुकीचे आलेले उत्तर स्वतःच ओळखावे, असा आग्रह धरणे सयुक्तिक ठरेल.